आज काय भाव द्यायचा?

सकाळी ६.४५

सोयाबीनच्या हंगामात शेतकरी कंपनीचा दिवस एकाच प्रश्नाने उजाडतो: आज काय भाव द्यायचा? केळझर परिसरातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी माहिती-व्यवस्था आखण्याचं काम सध्या माझ्याकडे आहे. सरकारी पत्रात तिला एमआयएस म्हणतात, गावात नुसतं ‘ते कॉम्प्युटरचं काम’. अध्यक्षांना मी आधीच विनंती केली होती, की भाव ठरवताना मला शेजारी बसू द्या. मध्ये बोलणार नाही, फक्त लिहून घेईन.

त्यांच्या ओसरीवर चहा येतो आणि फोन सुरू होतात. पहिला फोन हिंगणघाटला, काल बाजार कितीवर बंद झाला ते विचारायला. दुसरा सिंदीच्या ओळखीच्या अडत्याला. तिसरा तेल गिरणीच्या खरेदीदाराला, ‘आज किती घेता आणि कितीने?’ मग गोदामाच्या माणसाला, ‘अजून किती पोती मावतील?’ शेवटी दिवाणजींना, ‘बँकेत किती आहेत आणि चुकारे किती द्यायचे राहिले?’ पहिल्या तीन प्रश्नांना नेमकी उत्तरं मिळतात. गोदामवाला म्हणतो, ‘मावतील जी, शंभरेक.’ दिवाणजी म्हणतात, ‘वही पाहून सांगतो.’ सव्वासातला अध्यक्ष भाव ठरवतात, गटावर टाकतात आणि आंघोळीला जातात.

मी वहीत दोन रकाने केले आहेत: बाहेरची माहिती आणि घरची माहिती. बाहेरचा बाजार पाच मिनिटांत कळला. आपल्याच गोदामात किती जागा आहे आणि आपल्याच लोकांचं किती देणं आहे, हे मात्र अंदाजावर राहिलं. मला व्यवस्था उभी करायची आहे ती या अर्ध्या तासासाठी.

भेटेल तो मला विचारतो, ‘कोणतं सॉफ्टवेअर घेणार?’ मी सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करते. इथे कोणता माणूस कोणत्या वेळी कोणता निर्णय घेतो आणि त्या वेळी त्याच्या हातात काय असतं, हे आधी पाहते. रसेल अ‍ॅकॉफ या व्यवस्थापनशास्त्रज्ञाने १९६७ साली ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला होता. व्यवस्थापकांना माहिती कमी पडते असं आपण धरून चालतो, पण त्यांचा खरा त्रास बिनकामाच्या माहितीच्या ढिगाचा असतो, असं त्याने त्यात मांडलं. तेव्हा संगणक खोलीभर असायचा, आता तो शर्टाच्या खिशात मावतो, आणि ढीग काही कमी झालेला नाही. या कंपनीच्या नावाने बँकेचा एक तक्ता भरला जातो, योजनेचा दुसरा, लेखापरीक्षकाचा तिसरा. त्यांतला एकही सकाळी पावणेसातला अध्यक्षांच्या उपयोगी पडत नाही.

सकाळी ८.००

काट्यावर गाड्या लागल्या आहेत. दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या, चार-पाच छोटा हत्ती, एक बैलबंडी. नागपूर-वर्धा रस्ता इथून जवळ आहे, त्यामुळे वाहनाची सोय आहे, आणि त्यामुळेच भाव पटला नाही तर माल सरळ पुढे सिंदीला किंवा हिंगणघाटला नेण्याचीही सोय आहे. कंपनीला दिवसभर हे ध्यानात ठेवावं लागतं. शेतकरी सभासद असला तरी बांधलेला नाही.

पलीकडे सिद्धिविनायकाची टेकडी दिसते. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, भीमाने बकासुराला मारलं ते गाव, अशी इथली श्रद्धा आहे. त्या कथेत राक्षसाकडे गाडाभर अन्न कोणत्या घराने कधी न्यायचं याची पाळी ठरलेली होती आणि आपला दिवस प्रत्येक घराला ठाऊक होता. काट्यावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र आपली पाळी कधी येणार ते ठाऊक नाही. पहाटे येऊन दुपारपर्यंत थांबायची त्याची तयारी असते, पण नक्की वेळ सांगायला कोणी नसतं. मी वहीत लिहिते: टोकन. आदल्या संध्याकाळी फोनवर. तासाला किती गाड्या होतात ते मोजून.

आता एक तोल सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहते. छोटा हत्ती येतो. चोवीस कट्टे. ग्रेडर परखी एका कट्ट्यात खुपसतो, मूठभर दाणे काढतो, ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो. साडेतेरा. शेतकरी पुढे येतो.

‘काल घरी पाह्यला तं बाराच होता ना जी. इथं साडेतेरा कायले दाखवते?’

‘काका, पुन्हा लावून पाहू,’ ग्रेडर म्हणतो. तो दुसऱ्या कट्ट्यातून दाणे घेतो. तेरा पॉइंट एक. तिसऱ्यातून बारा पॉइंट आठ. माल तोच, शेतही तेच. ज्या कट्ट्यांना गंजीच्या खालच्या थराचा माल लागला, ते ओले निघाले. शेवटी तडजोडीने तेरा धरतात. भावातली कपात त्यावर ठरते आणि ग्रेडर तो आकडा खडूने कट्ट्यावर लिहितो.

मग वजन. हमाल दोन-दोन कट्टे काट्यावर ठेवतो, काटेवाला आकडा वाचतो, वहीवाला लिहितो. शेवटी बेरीज होते आणि प्रत्येक कट्ट्यामागे रिकाम्या पोत्याचं वजन म्हणून सहाशे ग्रॅम वजा होतात. हा रिवाज तागाच्या पोत्यांच्या काळातला. पन्नास किलोच्या तागाच्या पोत्याचं मानक वजन ५८० ग्रॅम, त्यामुळे सहाशे धरणं तेव्हा फार चुकीचं नव्हतं. पण आज गाडीतून उतरलेले चोवीसही कट्टे प्लास्टिकचे आहेत आणि तसा कट्टा दीडशे ग्रॅमचाही भरत नाही. चोवीस कट्ट्यांमागे साधारण अकरा किलो सोयाबीन शेतकऱ्याच्या पदरातून गेलं. कोणाची नियत वाईट नाही. वहीत ‘पोतं कशाचं’ हा रकानाच नाही, एवढंच कारण आहे. रकाना नसला की फरक दिसत नाही, आणि दिसत नाही त्याबद्दल कोणी बोलत नाही.

हे पाहिलं की मला राहवत नाही. आपली म्हणून काढलेली कंपनी, तिच्या काट्यावर आपल्याच माणसाचे अकरा किलो जावेत? म्हणून काट्यावरच्या पडद्याचा आराखडा मी इथेच, उभ्याउभ्या काढते. सभासदाच्या कार्डावर क्यूआर, म्हणजे नाव टाइप करायला नको. धुळीने माखलेल्या बोटाला लागतील एवढी मोठी दोन बटणं: ताग, प्लास्टिक. ओलाव्याचे तीन आकडे तीन वेगवेगळ्या कट्ट्यांतून, सरासरी यंत्राने काढायची. वजन काट्याच्या यंत्रातून तारेने थेट यायला हवं, मध्ये कोणी वाचायचं नाही आणि कोणी लिहायचं नाही. कट्ट्यांची संख्या मात्र माणसानेच मोजून टाकायची. शेतकऱ्याच्या हातात मराठी छापलेली काटापट्टी, तिच्यावर तिन्ही आकडे, पोत्याची वजावट, भाव, कपात आणि हातात पडणारी रक्कम. ओलावा मोजायचं यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलं ती तारीखही तिच्यावरच. ‘कायले दाखवते’ या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर असायला हवं.

सकाळी १०.३०

दिवाणजींची खोली. टेबलावर वह्या लावून ठेवल्या आहेत. भागधारकांची नोंदवही, खरेदी वही, साठा वही, रोजमेळ, खत-बियाण्यांच्या विक्रीची बिलं, चुकाऱ्याची यादी, सभांची इतिवृत्तं. हमीभाव खरेदीसाठी नोंदणी केलेल्यांची फाइल वेगळी, तिच्यात सातबारा, पीकपेरा आणि पासबुकाच्या झेरॉक्स. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली, म्हणून ही फाइल जाडजूड झाली आहे.

प्रत्येक वहीबद्दल मी तेच तीन प्रश्न विचारते. ही कोण लिहितं, कधी लिहितं, आणि लिहिल्यानंतर ती उघडतं कोण? तिसऱ्या प्रश्नाला बऱ्याच वेळा उत्तर येतं, ‘ऑडिटला.’ म्हणजे वर्षातून एकदा.

पण दिवाणजींच्या खिशात एक छोटी डायरी आहे आणि ती दिवसातून वीस वेळा उघडली जाते. कोणाला जूनमध्ये बियाणं उधार दिलं, कोणाच्या पावतीतून ते वळतं करायचं, कोणाच्या घरी लग्न आहे म्हणून त्याचा चुकारा आधी, कोणत्या खरेदीदाराचा पैसा दोन दिवस उशिरा येतो. कंपनीची चालती माहिती-व्यवस्था म्हणजे ही डायरी. तिच्याशी भांडून कोणतंही सॉफ्टवेअर इथे टिकणार नाही.

‘मंग माह्या डायरीचं काय?’ ते विचारतात. आवाजात काळजी आहे आणि ती रास्त आहे. माहिती ज्याच्या खिशात, शब्द त्याचा चालतो. चुकारा कोणाला आधी हा निर्णय आज त्यांच्या हातात आहे. त्यांनी तो चांगल्या मनाने वापरला आहे, हे लोकही सांगतात. पण उद्या ते आजारी पडले तर? आणि ज्याच्या घरी लग्न नाही, पण सावकाराचा तगादा आहे आणि तो बोलून दाखवत नाही, त्याचं काय?

आमचं ठरतं ते असं. चुकारा तोलाच्या तारखेच्या क्रमाने निघेल. क्रम मोडायचा असेल तर कारण लिहून, दोन संचालकांच्या संमतीने. कारण लिहिण्यासाठी रकाना राहील, त्याचं नाव ‘निकड’. हा शब्द दिवाणजींनीच सुचवला. एक पूर्ण हंगाम डायरी आणि संगणक सोबत चालतील, दर शनिवारी दोन्ही ताडून पाहायचे. ते डायरी खिशात ठेवतात आणि सभासद यादी पुढे सरकवतात.

या यादीत आमचा पुढचा दीड तास जातो, आणि जायलाच हवा. सगळी व्यवस्था सभासद क्रमांकाच्या खुंटीला टांगलेली असते. एकच माणूस भागधारकांच्या वहीत ‘वानखेडे’ आहे, खताच्या बिलावर ‘वानखडे’ आणि पासबुकावर इंग्रजीत तिसरंच काही. एकाच गावात एकाच नावाचे चुलतभाऊ आहेत, बापाच्या नावानेच काय ते वेगळे. शेत आईच्या नावावर, सभासद मुलगा, माल घेऊन येतो जावई. आज काट्यावर जे नाव सांगितलं जाईल ते लिहिलं जातं.

हे नुसतं टापटिपीचं काम नाही, याच्या मागे कायदा आहे. उत्पादक कंपनीची तरतूद कंपनी कायद्यात २००३ पासून आली. तिथे वाढाव्यातला बोनस भांडवलाच्या प्रमाणात न देता सभासदाने कंपनीशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात देता येतो. दहा भाग घेऊन घरी बसलेल्यापेक्षा एक भाग घेऊन दरवर्षी माल आणणाऱ्याला जास्त मिळावं, हा त्यामागचा विचार आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. पण व्यवहार ज्याच्या खात्यावर पडायला हवा त्याच्यावर पडलाच नाही, तर बोनस कशाच्या आधारावर वाटणार? म्हणून सभासद क्रमांक एकदाच दिला जाईल, कधी बदलणार नाही, मेलेल्या सभासदाचा क्रमांक वारसाला जाणार नाही. सभासदाच्या घरातलं माल आणणारं माणूस वेगळ्या रकान्यात. आधारचा पूर्ण क्रमांक आमच्या यादीत नको, शेवटचे चार अंक पुरे. बँकेचा आयएफएससी दर हंगामाच्या सुरुवातीला पासबुकावरून पुन्हा पाहायचा. मे २०२५ मध्ये राज्यातल्या दोन ग्रामीण बँका एक झाल्या, आणि असं झालं की कोड बदलायची शक्यता असते. परत आलेला चुकारा पुन्हा पाठवेपर्यंत कंपनीवरचा विश्वास पातळ होतो.

दुपारी १.३०

काट्यावरच्या पोरांबरोबर डबा. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. संगणक चालवणारी मुलगी बी.कॉम. करते आहे. ती विचारते, ‘ताई, पंधरा-वीस खेड्यांच्या कंपनीला एवढं कशाला?’

मी तिला जे. सी. कुमारप्पांचं नाव सांगते. तिने ते ऐकलेलं नाही, आणि त्यांच्या कामाची जागा, वर्ध्याची मगनवाडी, इथून पाऊण तासावर आहे. हा माणूस लंडनमध्ये हिशेबतपासनीस झाला, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकला, गांधीजींकडे आला आणि गुजरातेतल्या मातर तालुक्यात घरोघरची आर्थिक पाहणी केली. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचं काम त्याने वर्ध्यातून चालवलं. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचा तो अध्यक्ष होता आणि त्या समितीने ६०६ गावांची पाहणी पुढे ठेवून शिफारशी केल्या. खेड्याचा हिशेब नीट मांडला नाही तर खेडं कुठे लुटलं जातं ते कळणार नाही, ही त्याची धारणा होती. तेव्हा हातात फक्त कागद होता. प्रश्न कोणते विचारायचे हे मात्र आधी ठरलेलं होतं.

ती डबा बंद करता करता म्हणते, ‘मंग आपण पोत्याचा रकाना आजपासूनच टाकू ना.’ आणि वहीत पट्टीने रेघ मारून नवा रकाना आखते.

दुपारी २.१५

गोदाम. इथे एक जुना वाद मला सोडवायचा आहे. गेल्या हंगामात माल बाहेर काढताना खरेदीपेक्षा वजन कमी भरलं. संचालकांत कुजबुज झाली, गोदाम सांभाळणाऱ्या माणसाकडे बोट गेलं. तो अजूनही त्याबद्दल बोलताना खाली बघतो.

मी त्याच्याच थप्पीवर कागद ठेवून गणित करते. उदाहरणाला ३०० क्विंटलची एक थप्पी घेऊ. आत आली तेव्हा सरासरी ओलावा १३.४ टक्के होता असं धरू. म्हणजे पाणी सोडून कोरडा माल ८६.६ टक्के, २५९.८ क्विंटल. दोन-तीन महिन्यांनी माल बाहेर काढला तेव्हा ओलावा ११.२ टक्क्यांवर आला. कोरडा माल तेवढाच आहे, पण आता तो एकूण वजनाच्या ८८.८ टक्के आहे. २५९.८ ला ०.८८८ ने भागलं की २९२.५७ क्विंटल. साडेसात क्विंटलच्या आसपास माल नुसता वाळून गेला. हमीभावाने धरला तर जवळजवळ चाळीस हजार रुपये, आणि कोणी एक दाणाही चोरलेला नाही.

‘सुकती,’ तो म्हणतो. शब्द त्याला माहीत होता. आकडा नव्हता.

आणि आकडा का नव्हता? ओलावा खडूने कट्ट्यावर लिहिला गेला, कट्टा रिकामा झाला, खडू पुसला गेला. वहीत वजन आलं, ओलावा आलाच नाही. कोणत्याही तक्त्यात तो मागितलेला नव्हता. अहवाल कमी करा म्हणणाऱ्या अ‍ॅकॉफशी मी पूर्ण सहमत आहे, पण नोंद आणि अहवाल यांत मी फरक करते. अहवाल थोडेच असावेत. नोंद मात्र घटना घडते तिथे, तेव्हाच आणि पुरती व्हावी, कारण ती वेळ गेली की परत मिळत नाही. ओलाव्याशिवाय लिहिलेलं सोयाबीनचं वजन मी अर्धवट नोंद मानते.

म्हणून प्रत्येक थप्पीला क्रमांक, तिच्यात गेलेल्या प्रत्येक काटापट्टीचा दुवा, आत जातानाचा ओलावा, बाहेर येतानाचा ओलावा. तूट दाखवताना व्यवस्था ती दोन भागांत दाखवेल: सुकती आणि उरलेली. जाब विचारायचा तो फक्त उरलेल्या भागाचा. आणि सकाळी अध्यक्षांनी विचारलेलं ‘किती मावतील’ याचं उत्तरही याच नोंदीतून निघतं, त्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. गोदामाचा माणूस तो कागद घडी करून खिशात ठेवतो. संध्याकाळच्या बैठकीत तो स्वतः समजावून सांगेन म्हणतो.

दुपारी ३.४५

आता बसून मोठ्या कागदावर आखणी. मध्यभागी सभासद, त्याच्याभोवती तोल, थप्पी, चुकारा, खत-बियाण्याची विक्री, उधारी, खरेदीदाराला गेलेला माल. बाणांनी जोडलं की दिसतं, की दिवसभरात तीच माहिती चार ठिकाणी पुन्हा लिहिली जाते. जिथे दुसऱ्यांदा लिहिलं जातं तिथे मी लाल खूण करते. ती जागा बंद करायची, पहिली नोंद पुढे आपोआप जायला हवी.

रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ मध्ये संस्थेतले निर्णय तीन पातळ्यांवर मांडले होते: रोजचं काम चालवण्याचे, कामावर देखरेख करण्याचे आणि दूरची दिशा ठरवण्याचे. इथे एकच माणूस सकाळी एका पातळीवर असतो आणि रात्री दुसऱ्या. अध्यक्षांना सात वाजता आजचा भाव हवा, शनिवारी चुकारे किती दिवस थकले ते हवं, आणि मार्चमध्ये पुढच्या वर्षी साफसफाईचं यंत्र घ्यायचं की नाही ते ठरवायचं. म्हणून मी पडदे पदाप्रमाणे पाडत नाही, वेळेप्रमाणे पाडते. सकाळचा पडदा, आठवड्याचा कागद, हंगामाचा ताळा.

वीज जाते, मग रेंज जाते. हे रोजचंच आहे, म्हणून आराखड्यात ते धरलेलंच आहे. काट्यावरचं यंत्र स्वतःच्या बॅटरीवर चालेल, नोंद तिथेच साठेल, रेंज आली की वर जाईल. काटापट्टीचा क्रमांक यंत्र स्वतः देईल, सर्व्हरची वाट पाहणार नाही. रात्रीची प्रत दोन ठिकाणी: एक बाहेर, एक पेन ड्राइव्हवर दिवाणजींच्या कपाटात.

संध्याकाळी ५.१५

विकत घ्यायचं की बनवून घ्यायचं? याचं उत्तर मला लवकर मिळालेलं आहे. हिशेब, जीएसटी, ताळेबंद यांसाठी बाजारात चांगली तयार सॉफ्टवेअर आहेत, तिथे नवं काही घडवायचं नाही. काटा आणि थप्पी यांचं मात्र स्वतःचं छोटं काम करून घ्यायचं, कारण वेगळेपण तिथे आहे. पीककर्ज देणाऱ्या ६३,००० सेवा सहकारी संस्थांच्या संगणकीकरणाला केंद्राने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली, २,५१६ कोटींची योजना आणि सगळ्यांना सामाईक सॉफ्टवेअर. पीककर्जाचा व्यवहार देशभर बराचसा सारखा असल्याने ते जमतं. शेतकरी कंपन्यांचं तसं नाही. इथे सोयाबीन, शेजारी कापूस, पलीकडे संत्री. आयात केलेला साचा बसवायला गेलं की लोक साच्यात मावेल तेवढंच लिहितात.

संध्याकाळी ६.४५

संचालक शेतातून येतात, हात-पाय धुऊन बसतात. बैठक याच वेळी होऊ शकते.

मागवलेल्या अहवालांची यादी मी भिंतीवर लावली आहे. सगळ्यांनी मिळून सुचवलेली, बरीच लांब. प्रत्येकापुढे मी एकच प्रश्न विचारते: हा कागद हातात आला तर दुसऱ्या दिवशी तुम्ही काय वेगळं कराल? उत्तर आलं तर अहवाल राहतो.

‘गाववार सभासद संख्या.’ शांतता. काढला. ‘जातवार माल’, म्हणजे सोयाबीनच्या वाणानुसार. एक संचालक ताई सांगतात, ‘त्यावरून पुढच्या जूनमध्ये कोणतं बियाणं किती आणायचं ते ठरवू. यंदा अंदाजाने आणलं, अर्धं उरलं.’ राहिला, आणि वर गेला. ‘रोजचा नफा.’ यावर वाद होतो. एक तरुण संचालक म्हणतात, रोज दिसलाच पाहिजे. दुसरे म्हणतात, माल विकलाच नाही तर नफा कुठला? मी नफ्याच्या जागी दोन आकडे सुचवते: पडलेल्या मालाची सरासरी खरेदी किंमत आणि आजचा बाजार. विकायचं की थांबायचं ते त्यावर ठरवता येतं. मान्य होतं.

मग चुकाऱ्याचा फलक. कोणाचे किती थकले ते नावानिशी दारावर लावा, अशी सूचना येते. हेतू चांगला आहे, पारदर्शकतेचा. मी विरोध करते. कोणाच्या घरात किती पैसा येणार आहे हे गावभर कळलं की दारात घेणेकरी उभा राहतो. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आता आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. थोड्या चर्चेनंतर ठरतं: फलकावर एकूण थकलेली रक्कम आणि सर्वांत जुन्या न दिलेल्या चुकाऱ्याची तारीख. नावं नाहीत. स्वतःचं खातं प्रत्येकाला स्वतःच्या मोबाइलवर. ती तारीख रोज दारावर दिसली की संचालकांना आपोआप घाई होईल, असं संचालक ताईच म्हणतात.

शेवटी गोदामाचा माणूस उठतो. खिशातला कागद उलगडतो आणि सुकतीचं गणित सांगतो, एकदा प्रमाण मराठीत, एकदा आपल्या बोलीत. अध्यक्ष कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहतात. ‘बरोबर आहे,’ म्हणतात. ‘मागच्या वर्षी तुमचं नाव इतिवृत्तात आलं होतं. त्याच्याखाली हे लिहून घ्या.’ दिवाणजी लिहून घेतात.

रात्री ९.००

सॉफ्टवेअर यायला वेळ आहे, हंगाम थांबत नाही. म्हणून पहिली आवृत्ती कागदावर. नव्या काटापट्टीचा नमुना मी छापखान्याला पाठवते: तीन प्रती, एक शेतकऱ्याला, एक गोदामाला, एक दिवाणजींना. ओलाव्यासाठी तीन चौकोन आणि सरासरीचा चौथा. ताग, प्लास्टिक, खूण करायला जागा. थप्पी क्रमांक. सभासद क्रमांक, आणि त्याच्याखाली ‘माल आणणारा’. कपातीचा तक्ता पाठीमागे, मोठ्या अक्षरात. पुस्तकं हातात येईपर्यंत जुन्याच पावतीवर हे रकाने शिक्क्याने उमटवायचे. शिक्का उद्या सेलूहून करून आणायचा आणि काट्यावर दोन शाईचे पॅड ठेवायचे, कारण धुळीने एक दुपारपर्यंत वाळतो.